लाल नकाशा आणि हवेलीचं पाणी

“माझं वावर लाल काहून हाय, ते सांगा आधी.”

फोनवर वंदना दीदी होत्या. जबलपूरकडच्या पाटनजवळच्या एका गावातल्या शेतकरी गटाच्या त्या अध्यक्ष. त्यांच्या सासरचं घराणं खूप आधी भंडाऱ्याकडून येऊन इथे शेती करू लागलेलं. मी जबलपुरातल्या घमापूरची, घरी मराठी बोलते, हे कळल्यापासून त्या माझ्याशी हिंदीत बोलतच नसत.

“दीदी, लाल म्हणजे स्कोअर कमी आला आहे,” मी म्हटलं.

“ते तर मले दिसून राहिलं. कमी काहून आला? आमच्या गावचा चना पाहाले लोक येतात, अन् तुमच्या मोबाइलवर आम्ही लाल!”

मी फोन सुभेदार सरांकडे दिला. सर आमच्या विजय नगरच्या ऑफिसचे मॅनेजर. जुने जबलपूरचे, शांत स्वभावाचे.

“दीदी जी, हा कच्चा नकाशा आहे,” सर म्हणाले. “पुढच्या फोटोत शेत हिरवं दिसलं की स्कोअर आपोआप वाढतो. चिंता करू नका. चलो, ठेवतो.”

हे आमचं नेहमीचं उत्तर होतं. त्यात खोटं काही नव्हतं. सगळा घोळ मात्र त्याच उत्तरातून झाला.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि या ऑफिसात इंटर्न म्हणून काम करत होते. काम काय, ते सोप्या शब्दांत सांगते. उपग्रह दर काही दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातो आणि जमिनीचे फोटो काढतो. हिरवं पान सूर्याच्या उजेडातला लाल भाग खातं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक किरण परत फेकतं. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दोन्ही दिसतात. दोन्हींतल्या फरकावरून एक आकडा काढतात, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. पीक दाट असेल तर आकडा एकाच्या दिशेने चढतो. उघडी माती असेल तर शून्याच्या जरा वर राहतो. शेतात न जाता पीक कसं आहे याचा अंदाज त्यावरून येतो. प्रत्येक शेताचा असा वर्षभराचा आकडा मांडला की एक रेघ मिळते. पेरणीला खाली, मग चढत जाते, कापणीला पुन्हा खाली. मला ही रेघ बघायला आवडायची.

आमचा क्लायंट इंदूरची एक बियाणं कंपनी होती. हरभऱ्याचं बियाणं तयार करण्यासाठी त्यांना शेतकऱ्यांचे गट निवडायचे होते. कंपनी मूळ बियाणं देणार, शेतकरी ते वाढवणार आणि तयार माल कंपनीच विकत घेणार. मंडईत जाऊन उभं राहायचं काम नाही. वंदना दीदी हे काम गावात आणण्यासाठी बरेच दिवस कंपनीच्या मागे लागल्या होत्या. कंपनीचा नियम असा की वर्षभराच्या एनडीव्हीआयची सरासरी काढायची. ज्याची सरासरी कमी, ते शेत लाल. गटातली निम्म्याहून जास्त शेतं लाल असतील तर पूर्ण गट बाद. अंतिम यादी हरभऱ्याच्या पेरणीआधी लागणार होती. दीदींच्या गटाची बहुतेक शेतं लाल होती.

त्या फोननंतर मी त्यांच्या शेतांच्या रेघा उघडल्या. कोणी सांगितलं नव्हतं. फक्त “आमच्या गावचा चना पाहाले लोक येतात” हे वाक्य डोक्यात राहिलं होतं.

रेघा विचित्र होत्या. आषाढापासून भादव्यापर्यंत आकडा जमिनीला टेकलेला. नुसता कमी नाही, शून्याच्या खाली. मग दिवाळीच्या सुमारास तो चढायला लागायचा आणि थंडीत आजूबाजूच्या हिरव्या शेतांच्याही वर जायचा. आधीची वर्षं उघडली. तीच रेघ. सगळ्या लाल शेतांची तीच.

पडीक जमीन अशी दिसत नाही. पडीक जमिनीवर पावसाळ्यात गवत येतं, त्यामुळे तिथेही आकडा थोडा चढतो. शून्याच्या खाली फक्त पाणी जातं, कारण पाणी तो न दिसणारा किरण गिळून टाकतं. पण ढगांमुळेही आकडे बिघडतात. म्हणून मी रडारचे फोटो काढले. रडार ढगांच्या आरपार बघतं आणि संथ पाणी त्यात काळं दिसतं. सगळी शेतं काळी होती. एकाला लागून एक, पायऱ्यांसारखी, खाली नाल्यापर्यंत.

आता हे सरांना सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. नियम क्लायंटने ठरवलेला, सॉफ्टवेअर पुण्याहून आलेलं. त्यात चूक आहे असं इंटर्नने म्हणावं का, हे विचारायला घरी कोणी नव्हतं. बाबांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “साहेबानं सांगितलं तर बरोबरच सांगितलं असन. पण इंजिन आवाज करून राहिलं अन् मिस्त्री गप्प बसला, असं मी तर कधी केलं नाही.” याचा मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला.

“सर, एक विचारू? चूक असेल तर सांगा.”

“विचार बेटा.”

“या शेतांत तीन महिने पाणी उभं असतं असं वाटतं. दरवर्षी. आणि नंतर हरभरा चांगला येतो.”

सरांनी चष्मा वर केला. रडारचा फोटो मोठा केला.

“अरे, ही तर हवेली!”

मला वाटलं एखाद्या वाड्याबद्दल बोलत आहेत. सर हसले. “वाडा नाही गं. पाटनच्या बाजूच्या काळ्या जमिनीत ही जुनी पद्धत आहे. शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालायचे आणि पावसाचं पाणी भरून ठेवायचं. खरीप घ्यायचंच नाही. तण पाण्याखाली कुजतं, जमीन आतपर्यंत भिजते. पाऊस संपला की पाणी सोडायचं, वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याइतकी सुकली, की चना पेरायचा. मग वरून एक थेंब पाणी द्यावं लागत नाही.”

“मग आपण तर—”

“आपण भरलेलं शेत रिकामं धरलं. लहानपणी मी त्या बांधांवरून चाललोय. स्क्रीनवर पाहिलं अन् ओळखलं नाही. अच्छा, फोन लाव तिवारीजींना.”

तिवारीजी म्हणजे बियाणं कंपनीचे माणूस. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं.

“सुभेदार साहब, आपकी बात ठीक होगी,” तिवारीजी म्हणाले. “पर मेरे पास नौ ज़िले हैं. एक गांव के लिए फ़ॉर्मूला बदलूँ तो कल हर गांव की अपनी कहानी होगी. कुछ ठोस हो तो भेजिए.”

“रेखाएं भेजता हूँ ना.”

“रेखा-वेखा ऊपर कोई नहीं देखता, साहब. ऊपर सिर्फ़ रंग देखते हैं.”

फोन बंद झाला. निदान दीदींना तरी कारण सांगावं म्हणून मी त्यांना फोन केला. तुमचं शेत रिकामं नाही, आमच्या हिशोबाला पाणी कळत नाही, एवढंच सांगायचं होतं.

“अच्छा, पाण्यामुळं लाल होते,” त्या म्हणाल्या. “मंग बरोबरच केलं मी. सकाळीच बांध फोडला.”

“काय केलं?”

“पाणी सोडलं. आता तीळ पेरून देतो. साहेब बोलले होते ना, हिरवं दिसलं की स्कोअर वाढते. तुमचा सॅटेलाइट हिरवं मांगते, तर घे बाप्पा हिरवं!”

मी सरांकडे पाहिलं. सरांना फोनवरचं सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

गावाबाहेर गाडी लावून बांधावरून चालत गेलो. वर ओळीने भरलेली शेतं होती, आभाळासारखी राखाडी. सगळ्यात खाली नाल्याला लागून दीदींचं शेत. त्याच्या बांधाला एक खाच पडली होती आणि त्यातून गढूळ पाणी नाल्यात जात होतं. बरंचसं गेलंच होतं. दीदी चिखलात उभ्या होत्या, साडी खोचलेली. वरच्या शेताचे मालक बैजनाथ भैया फावड्यावर हात ठेवून बांधावर बसले होते. आणखी काही लोक उभे होते.

“या, या,” दीदी म्हणाल्या. “सॅटेलाइटवाले खुद्द आले. आता वरून पाहाची गरज नाही.”

लोक हसले. सर हसले नाहीत. “दीदी, हे बुजवा. अजून पाऊस आहे, पुन्हा भरेल.”

“भरून पुन्हा लालच दिसन ना? मंग आमचा गट बाद. तुमीच सांगा, काय करू?”

“पण तुमचा चना?”

“माझा एकटीचा जाईन. म्हणून तर माझं आधी फोडलं. माझं वावर सगळ्यात खाली हाय, माझं पाणी कोणाच्या वावरात जात नाही. बैजनाथ भैयानं फोडलं तर खालच्या सगळ्यांले फोडावं लागते. मी बोलली, थांबा. आधी माझं हिरवं होते का पाहू. झालं तर सगळे फोडा, नाही झालं तर माझंच नुकसान.”

म्हणजे एक शेत गेलंच होतं. आता प्रश्न वरच्या सगळ्या ओळीचा होता. हवेलीत एकाने पाणी सोडलं की ते खालच्याच्या शेतातून जातं. त्यामुळे कोण कधी सोडणार हे सगळे मिळून ठरवतात. इथे ते ठरवणं आमच्या नकाशावर अडकलं होतं. दीदींचं शेत लाल राहिलं तर पाणी वाचणार आणि गट बाद होणार. हिरवं झालं तर सगळे बांध फुटणार आणि पेरणीच्या वेळी जमिनीत ओल राहणार नाही.

बैजनाथ भैयांनी सरांना नाही, मला विचारलं. “बेटी, सीधी बात बताओ. बिना फोड़े नाम आएगा?”

मला हो म्हणावंसं वाटलं. सगळे तेच ऐकायला उभे होते. मी म्हटलं, “पता नहीं, भैया. कोशिश करेंगे.”

“लो!” ते दीदींकडे वळून म्हणाले. “जिनका सॅटेलाइट है उनको ही पता नहीं.”

दीदींनी बांध बुजवला नाही. परत येताना सर म्हणाले, “बरं केलंस.” मला तसं वाटत नव्हतं.

पुढचे काही आठवडे ढग होते. उपग्रह येऊन जात होता, फोटोत नुसता कापूस दिसत होता. मी रोज ऑफिसात आल्यावर आधी तेच उघडायचे. पाऊस जरा उघडला तेव्हा एका सकाळी स्वच्छ फोटो आला. लाल शेतांच्या ओळीखाली, नाल्याला लागून, एक गर्द हिरवा चौकोन होता. दीदींचं शेत. सॉफ्टवेअरने त्याला गटात पहिला नंबर दिला होता. अचानक इतकी वाढ म्हणून नावापुढे एक चांदणीही लावली होती.

डॅशबोर्ड म्हणजे ज्यावर नकाशा दिसतो ते पान. ते गटालाही दिसायचं आणि रोज संध्याकाळी आपोआप ताजं व्हायचं. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर तो हिरवा चौकोन जाणार होता.

“सर, हे थांबवता येईल का? एक दिवस?”

“नाही बेटा. क्लायंटचा डॅशबोर्ड आहे. आपण एकाचा डेटा अडवला तर उद्या आपल्या कोणत्याच डेटावर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

ते बरोबर होतं. मग मी विचार केला की तीळ इतक्या दिवसांत इतका दाट होतो का. तिळाची रेघ हळू चढते. ही एकदम उभी चढली होती. मी दीदींना मेसेज केला: शेताचा एक फोटो पाठवा, जवळून.

फोटोच्या आधी त्यांचा आवाज आला. “काय फोटो काढू पोरी? तीळ चिखलात सडला. नुसता मोथा अन् गवत माजलं हाय. गुडघ्याइतकं. म्हशी खुश हायेत.”

मग फोटो आला. खरंच गवत. कडेला एक म्हैस, तोंडात हिरवा घास.

मी तो फोटो एका पानावर घेतला. शेजारी उपग्रहाचा हिरवा चौकोन ठेवला आणि त्यावर सॉफ्टवेअरने दिलेला नंबर आणि चांदणी. खाली दोन ओळी लिहिल्या. पहिली, हे शेत आपल्या यादीत या गटात पहिलं आहे. दुसरी, शेतात सध्या गवत आहे. रेघा लावल्या नाहीत. फोटोतली म्हैस कापून टाकावी का असं सरांना विचारलं.

“राहू दे,” सर म्हणाले. “तिच्यामुळे फोटो खरा वाटतो.”

तिवारीजींचा फोन जेवणाच्या सुट्टीआधी आला. आवाज बदलला होता.

“सुभेदार साहब, ये क्या है? हमारा सिस्टम भैंस के चारे को नंबर वन बोल रहा है?”

“हां जी.”

“अपने मन से?”

“आपके फ़ॉर्मूले से,” सर नम्रपणे म्हणाले. “साल भर जो हरा, वो अच्छा. घास सबसे हरी होती है.”

मग तिवारीजींनी विचारलं, “ऊपर किसी ने देखा?”

“शाम को अपडेट होगा. तब सब देखेंगे.”

“शाम से पहले क्या हो सकता है?”

सरांनी फोन माझ्याकडे सरकवला. उत्तर माझ्याकडे होतं, कारण ते मी आधीच करून ठेवलं होतं. “सर, आपको चना चाहिए, तो सिर्फ़ चने के मौसम का स्कोअर देखिए. पिछली सर्दियों का. बारिश के महीने हटा दीजिए.”

“सब ज़िलों के लिए?”

“जी. सबके लिए एक ही नियम.”

त्यांना हेच हवं होतं. एका गावासाठी सूट द्यावी लागणार नव्हती आणि म्हैस वरपर्यंत जाणार नव्हती. दुपारी त्यांचा मेल आला. मी पावसाळ्याचे महिने काढून हिशोब पुन्हा चालवला. संध्याकाळी डॅशबोर्ड ताजा झाला तेव्हा पाण्याने भरलेली ती सगळी ओळ हिरवी होती.

मी दीदींना फोन केला. “दीदी, बैजनाथ भैयांना सांगा, फोडू नका.”

“पाहून राहिले सगळे. त्यानं फावडं घरी नेऊन ठेवलं. अन् माझं?”

“तुमचंही हिरवं आहे. मागच्या वर्षीचा चना चांगला होता ना.”

“अच्छा. म्हणजे न फोडता बी हिरवंच होतं.”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गटाचं नाव अंतिम यादीत आलं. पाऊस संपल्यावर वरून खालपर्यंत ठरल्याप्रमाणे पाणी सुटलं, वापसा आला, हरभरा पेरला गेला. दीदींच्या शेतात गवत काढायलाच वेळ गेला. तोपर्यंत जमीन वरून कडक झाली होती, खाली ओल नव्हती. हरभरा विरळ उगवला. कंपनीचा निरीक्षक आला तेव्हा त्याने बाकीची शेतं पास केली आणि अध्यक्षांचं एक शेत नापास केलं. डाळीसाठी जेवढा झाला तेवढा त्यांनी विकला. त्या थंडीत त्यांच्या शेताची रेघ मी रोज बघत होते. ती शेवटपर्यंत वर आली नाही.

पुढे एकदा त्या ऑफिसात आल्या, गटाचे कागद द्यायला. सरांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, “दीदी जी, चूक आमची होती. मी फोनवर अर्धंच बोललो.”

“तुमी अर्धं बोलले, मी पूर्ण केलं,” दीदी म्हणाल्या. “जाऊ द्या. औंदा पाणी भरून राहिली. यावेळी तुमी काही सांगू नका फक्त.”

मला नंतर याच ऑफिसात नोकरी लागली. पीक मोजण्याबद्दल वर्गात जे शिकवलं ते सगळं बरोबर होतं. एक गोष्ट तिथे आली नव्हती, कारण ती उपग्रहाबद्दलची नाही. उपग्रह शेताकडे बघतो तेव्हा शेताला कळत नाही, पण शेतकऱ्याला कळतं. आपण काय मोजतो हे त्याला समजलं की तो तेच उगवायला लागतो. म्हणून आता आम्ही गावाला कच्चा नकाशा पाठवतो तेव्हा सर्वात वर ठळक अक्षरांत लिहितो की हा पाहून शेतात काहीही बदलू नका. ती ओळ कोणी वाचत नाही. मी फोन करून सांगते.